पाठमोरा फोटो

बाबा गेले आणि भिंतीवर लावायला त्यांचा एक धड फोटो सापडेना. घरात कॅमेरा निघाला की त्यांना नेमकी गुरांना पाणी दाखवायची आठवण व्हायची. आई सारखी विचारत होती, “मिळाला का गं?” दोन दिवस ट्रंका उपसून माझी कंबर गेली, तेव्हा एक हाती लागला. खांद्यावर कुदळ टाकून बाबा शेताकडे निघालेले, तेही पाठमोरे.

फोटोवाला म्हणाला, “ताई, यात चेहराच नाही.”

“असू दे,” आई थकल्या आवाजात म्हणाली. “चाळीस वर्षं रोज सकाळी मी हीच पाठ बघितली. करा मोठा.”

घरी येऊन मी आतल्या भिंतीवर खिळा ठोकायला घेतला.

“तिथे नको,” ती म्हणाली. “ओसरीवर लाव. आत त्यांना करमायचं नाही.”