गोळ्या चालू होत्या ना?

आयसीयूच्या डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, "गोळ्या चालू होत्या ना?" आणि काकूंनी तिसऱ्यांदा मान डोलावली. नुसती मान हलवली तर जिभेला पाप लागत नाही, अशी आपली काकूंची समजूत!

समोर खाटेवर काका. तोंडात नळी, श्वास मशीनचा. कॅन्सरवरच्या इंजेक्शनांनी अंगातल्या प्रतिकारशक्तीला असा चेव आणला, की गाठ आटली, पण ती शक्ती काकांच्याच फुप्फुसांवर उलटली. त्यावर स्टिरॉइडच्या गोळ्या होत्या, हळूहळू कमी करत न्यायच्या. पण त्यांनी काकांची झोप उडाली, तोंड सुजलं आणि स्वभाव तर काय, आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला! शेजारीण म्हणाली, स्टिरॉइड म्हणजे विष. झालं! काकूंनी गुपचूप डबीत स्टिरॉइडऐवजी कॅल्शियमच्या गोळ्या भरल्या. बारा दिवसांत काकांना धाप लागली.

"गोळ्या चालू असूनही हे झालं, म्हणजे स्टिरॉइड लागू पडत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता याहून कडक औषध द्यावं लागेल. त्यात जंतुसंसर्ग झाला, तर मात्र कठीण आहे."

काकू ताडकन पुढे झाल्या. आपल्या खोट्यापायी माणूस जायचा!

"थांबा हो! मीच बंद केल्या गोळ्या. मला काय बोलायचं ते बोला, पण त्यांना ते औषध नको."

डॉक्टरीणबाईंनी मोठा सुस्कारा सोडला. "काकू, आधी सांगायचंत ना! औषध हरलं नाही, ते पोटात गेलंच नाही."

स्टिरॉइड शिरेतून भरपूर सुरू झालं. चौथ्या दिवशी नळी निघाली आणि काकूंचा जीव भांड्यात पडला. काकांचा हात धरून त्या ढसाढसा रडल्या. "अहो, गोळ्या मीच बदलल्या होत्या."

"माहीत होतं," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले. "कॅल्शियमची गोळी मला कळत नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"झोप छान लागत होती गं."

"धन्य आहे तुमची!" काकूंना रडता रडता हसू फुटलं. इतकी वर्षं संसार केला, पण या माणसाचा इतका राग आणि इतकी माया एकदम कधी दाटून आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी नर्सनं गोळी दिली. काका पाणी प्यायले.

"गिळली?" काकूंनी विचारलं.

"गिळली."

"जीभ वर करा."

काकांनी निमूटपणे जीभ वर केली.