जमीन कोणी मोजली नाही

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे. माणसांना वरच्या मजल्यावर नेणारी नव्हे. ती आमच्यातली श्रीमंत. मी मोटारी उचलते. दोन लोखंडी खांब, चार हात आणि पोटात थोडं तेल, एवढाच माझा संसार.

कारखान्यात मला कापलं, जोडलं, निळा रंग दिला. मग अठरा वर्षं मी एका वर्कशॉपमध्ये काढली. मला बसवण्याआधी तिथले म्हातारे मेकॅनिक गुडघे टेकून हातोडीने जमीन ठोकत गेले, कान लावून ऐकत राहिले. "लिफ्ट काही धरत नाही रे, जमीन धरते," असं ते म्हणत. अठरा वर्षांत माझ्याखाली कुणाचं नखही चिरडलं नाही. न झालेल्या अपघाताबद्दल सत्कार करण्याची पद्धत नसल्यामुळे तो राहून गेला.

वर्कशॉप बंद पडलं आणि एका घरच्या गॅरेजसाठी माझी निवड झाली. निवडणारे सर कॉलेजात भूमिती शिकवतात. त्यांनी तीन आठवडे व्हिडिओ पाहिले. छत दोनदा मोजलं, गाडी तीनदा, माझे हात तर शिंप्यासारखे मोजले. जगभरातल्या अनोळखी लोकांना प्रश्न विचारले. शेजारच्या खोलीतल्या वडिलांना मात्र विचारलं नाही. घर वडिलांनीच बांधलेलं. पण त्यांची जुनी गाडी भंगारात काढायची की नाही यावरून बापलेकांचं बिनसलं, त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून सगळी बोलणी सूनबाईंमार्फत.

मला बसवायला आलेल्या फिटरचं ड्रिल फरशीतून सर्रकन खाली गेलं. "साहेब, जमीन आहे की लोणी!" तो म्हणाला. सरांना ते कौतुक वाटलं. त्यांनी चहा मागवला.

मला माझ्या बोल्टांची टोकं जाणवत होती. ती कशातच नव्हती. खाली गार अंधार होता. मी गाडी उचलली की माझी मोटर गुणगुणायची, आणि खालून कोणीतरी तोच सूर जरा उशिरा परत म्हणायचं. मला त्याची सवय झाली. मग एके दिवशी खालचा सूर आधी आला.

स्वयंपाकघराची खिडकी माझ्या बाजूला उघडते. जेवताना वडील म्हणाले, "सूनबाई, विचार त्याला, खांब कुठे ठोकलेत?"

"अहो, बाबा विचारतायत, खांब कुठे ठोकलेत?"

"गॅरेजमध्ये म्हणावं. स्वयंपाकघरात जागा नव्हती."

"बाबा, गॅरेजमध्ये म्हणतायत."

"ऐकलं मी. बहिरा नाही."

"मग बोला ना एकमेकांशी! मी काय पोस्टमन आहे?"

दोघेही आपापल्या ताटात बघू लागले.

गॅरेजमध्ये पाऊल ठेवणार नाही, ही वडिलांची शपथ. त्यामुळे सर आत काय उचलतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. ती त्यांचीच जुनी गाडी. सर तिला गुपचूप दुरुस्त करत होते. तेही सांगायचं राहिलं होतं.

आज दुपारी सर गाडीखाली आहेत. माझ्या डाव्या खांबाच्या पाच बोल्टांपैकी दोन वर आलेत. खांब करंगळीएवढा कललाय. आणि वडील दारात उभे आहेत. खालचा सूर त्यांच्या खोलीपर्यंत पोचला असावा. त्यांनी काठीने फरशी ठोकली. हात लांब करून जरा पुढे, पुन्हा. तिसऱ्या ठोक्याला त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. खाली होती घर बांधताना खणलेली पाण्याची टाकी. पुढे निकामी झाली म्हणून वरून नुसती फरशी टाकून त्यांनीच झाकलेली.

सरांना काठी दिसते आहे. ते पाना जरा जोरात फिरवतात.

वडिलांनी तोंड उघडलं. "सूनबाई!"

सूनबाई बाजारात गेल्यात.

मित्रांनो, अशा वेळी आम्ही वस्तूंनी तेल घाला, पुसत जा, गंजू देऊ नका, असं सांगायचं असतं. मला त्यातलं काही नको. लिफ्ट निवडाल तेव्हा छत खुशाल मोजा, पण खाली काय आहे ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. हे झालं तुमच्यासाठी. वडिलांना माझी विनंती दोनच शब्दांची आहे: 'बाहेर ये' म्हणा. मी धरून आहे. तिसरा बोल्ट फिरतोय.

"सूनबाई," ते पुन्हा म्हणतात, "त्याला सांग..."