नेरुळच्या भिंतीतलं भगदाड

मी बोलतोय, नेरुळच्या एका सोसायटीच्या भिंतीतलं भगदाड. नाक मुरडू नका. भगदाड म्हटलं की लोकांना चोर आठवतो. माझ्यातून आजवर एकही चोर गेलेला नाही. चोराला माझी गरज काय? तो भिंतीवरून उडी मारतो. माझ्यातून गेली ती डबेवाली माणसं, दप्तरवाल्या मुली आणि डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली धोंडूबाई.

आज मला चौथ्यांदा बुजवलंय. सिमेंट अजून ओलं आहे, तोवर काय ते बोलून घेतो.

माझ्याआधी इथे भिंत नव्हती, वाट होती. सारसोळे गावातली कोळीण धोंडूबाई रोज सकाळी त्या वाटेने मासळी घेऊन यायची. इकडे नव्या सेक्टरातली घरं, त्यांत घाऊक मार्केटात हमालीच्या कामासाठी आलेली साताऱ्याकडची मंडळी. पलीकडे मोकळं मैदान, मैदानापुढे शाळा, बाजार आणि नुकतंच सुरू झालेलं स्टेशन. सगळं चालत दहा मिनिटांत. कुणाला रिक्षा लागत नव्हती की स्कूटर.

मग १९९४ साली सोसायटीच्या अध्यक्षांच्या, हौसेरावांच्या मनात आलं. "अहो, सोसायटी म्हटली की कंपाउंड पाहिजे. आपलं काही स्टँडर्ड आहे की नाही?" झालं, भिंत उभी राहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सात फूट उंच. गेट ठेवलं फक्त मोठ्या रस्त्याकडे, तेही गाडीच्या मापाचं. माणसाला पाय असतात हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

दहा मिनिटांची वाट अर्ध्या तासाची झाली. तीही मोठ्या रस्त्याच्या कडेने, जिथे फूटपाथचा पत्ता नाही आणि कळंबोलीचे लोखंड भरलेले ट्रक अंगावर येतात. चौथ्याच दिवशी एका ट्रकने मागून हॉर्न मारला आणि धोंडूबाई पाटीसकट गटारात पडली. उजवा गुडघा गेला तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा नवरा तुळशीराम पहार घेऊन आला. पाच-सहा घाव घातले आणि माझा जन्म झाला. हौसेराव धावत आले.

"ओ काका, भिंत तोडताय? पोलिसात देईन हां!"

"दे," तुळशीराम घाम पुसत म्हणाला. "आमचे बापजाद्यांची वाट हाय ही. तुझी भिंत कालची. कोनाला इचारून बांधली?"

हौसेराव गवंडी शोधायला निघाले.

सुरुवातीला लोक माझ्यातून चोरासारखे जायचे, इकडे तिकडे बघत. आठवड्याभरात धीट झाले. कुणी खाली पायरीला दगड आणून ठेवला. विजयमाला नावाची एक बाई शेजारच्या बैठ्या चाळीत राहायची. तिचा पदर माझ्या विटेत अडकून फाटला, तेव्हा तिने मला शिव्या घातल्या आणि संध्याकाळी घरून हातोडी आणून ती वीट ठोकून गुळगुळीत केली. असं प्रेम मला पुन्हा मिळालं नाही.

आणि हौसेराव? त्यांनी स्कूटर घेतली. स्टेशन माझ्यातून हाकेच्या अंतरावर, पण हे रोज किक मारमारून, धूर सोडत मोठ्या रस्त्याने वळसा घालून जायचे. पोट सुटलं. डॉक्टरांनी सांगितलं, चाला. तर चालायला मैदानावर जायचे तेही स्कूटरवरून! हसावं की कपाळावर हात मारावा, तुम्हीच सांगा. माझ्याकडे कपाळ नाही, नाहीतर दुसरंच केलं असतं.

मला पहिल्यांदा बुजवलं ते विटांनी. दुसऱ्यांदा विटा आणि वर काटेरी तार. तिसऱ्यांदा बाटल्यांच्या काचा लावल्या. तिन्ही वेळा काम केलं ज्योतिबा गवंड्याने. हा विजयमालेचा नवरा. सकाळी माझ्यातूनच कामाला जायचा आणि दुपारी मलाच बुजवायला यायचा. हाताला काम लागतं, त्याचा मला राग नाही. तिन्ही वेळा तुळशीरामाची पहार आली आणि मी पुन्हा उघडलो.

मधे एक आशेचा दिवस आला होता. नगररचना कचेरीतल्या एक तरुण इंजिनिअर बाई शहराचा नकाशा घेऊन मोजणीला आल्या. त्यांनी नकाशा माझ्या पायरीवर पसरला आणि मी पाहिलं, मी जिथे आहे तिथूनच ठिपक्यांची एक रेघ गेली होती. शेजारी लिहिलं होतं, 'पादचारी मार्ग, दहा फूट'.

"ही वाट तर आराखड्यातच आहे," बाई म्हणाल्या. "भिंतच नाहीये आराखड्यात!"

ऐकलंत? इतकी वर्षं मला बेकायदा म्हणत होते आणि बेकायदा भिंत होती! हे शहर आखणाऱ्या कुणीतरी पायांचा विचार केला होता. शाळा, बाजार, स्टेशन, सगळं चालत जाण्याजोगं ठेवलं होतं. पुढच्यांनी त्यावर विटा रचल्या.

बाईंनी कचेरीत अर्ज करायला सांगितला. विजयमालेने स्वतः लिहिला: इथे भगदाड नको, दार द्या. घरोघर फिरून सह्या घेतल्या, धोंडूबाईने अंगठा दिला. दीड वर्षाने उत्तर आलं. विजयमालेने ते माझ्यापाशीच उभं राहून धोंडूबाईला वाचून दाखवलं. 'सदर ठिकाणी भिंत अस्तित्वात असल्याने पादचारी मार्ग देता येत नाही.'

"म्हंजी भित हाय म्हनून वाट नाय?" धोंडूबाई म्हणाली. "आनि वाट होती तवा भित कशी आली?"

आज पाच जून, पर्यावरण दिन. भिंतीवर घोषवाक्य रंगवायचं ठरलं आणि मधे भोक दिसू नये म्हणून सकाळीच मला बुजवलं. या वेळी पक्कं सिमेंट, हौसेराव स्वतः उभे राहिले. वर हिरवा रंग, त्यावर पांढरी अक्षरं. सात गाड्यांतून पाहुणे आले, नारळ फुटला, टाळ्या झाल्या. भाषण संपेपर्यंत सातही गाड्यांची इंजिनं चालू होती, आत गारवा राहावा म्हणून.

सगळे गेल्यावर मैदानातून धोंडूबाई आली. सवयीने मान वाकवली आणि थबकली. ज्योतिबा मैदानाच्या बाजूला थापी धूत बसला होता, त्याने मान वर केली नाही.

"काय लिवलंय रं?" तिने विचारलं.

ज्योतिबाने थापी खाली ठेवली. मग म्हणाला, "पायी चला, पर्यावरण राखा."

"चालू कुठून?"

तो उठला, तिच्याजवळ आला. "मावशी, खालच्या चार विटा मातीत बसवल्यात. वरनं नुसता सिमेंटचा हात मारलाय. 'चला'च्या खाली. तुळशीरामकाकांना सांगा."

धोंडूबाईने डोक्यावरची पाटी सारखी केली. पाटीतली मासळी तुळशीराम येईपर्यंत थांबणार नव्हती. ती वळली आणि मोठ्या रस्त्याकडे निघाली. मोठा रस्ता मला इथून दिसत नाही, फक्त ऐकू येतं. तिचं एक पाऊल पडत होतं आणि दुसरं ओढलं जात होतं. मग ट्रकचे आवाज आले आणि तिचं पाऊल ऐकू येईनासं झालं.

उद्या तुळशीराम येईल. तोही थकलाय, पहार आता दोन्ही हातांनी उचलतो. मी पुन्हा जन्म घेईन आणि हौसेराव मला पुन्हा बुजवतील. खरं सांगू? मला याचा वीट आलाय. शहरं आखणाऱ्यांनो, बांधणाऱ्यांनो, मला आणखी एकदा फोडू नका. एकदा, फक्त एकदा, मला दार करा.