धाकटीचं हसणं

मोठीचं डोकं फिरलं, तेव्हापासून घरचे तिच्या जुळ्या बहिणीवर, धाकटीवर, डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायचे. ती जरा मोठ्यानं हसली, की आई आत्याला कोपरानं ढोसायची. डॉक्टरांनी घसा फोडून सांगितलं होतं, "दोघींची जनुकं सारखीच, पण कुठलं जागं होईल आणि कुठलं झोपून राहील, हे जिचं तिचं वेगळं." पण ऐकतंय कोण!

मोठी दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी जेवताना धाकटी खो-खो हसली. सगळ्यांचे घास हातातच राहिले.

"आता हसायचीही चोरी का?" धाकटी भडकली.

तेवढ्यात मोठी कडाडली, "तिच्याकडे काय टकामका बघताय? वेडी मी आहे, मी! तिला हसू द्या आणि मला भाजी वाढा."