पापाचा कापूस

रविवारी सकाळी अमरावतीच्या कापूसबाजारामागच्या प्रार्थनाघरात पाय ठेवायला जागा उरत नसे. गावात ख्रिस्ती घरं जेमतेम अकरा, पण तमाशा बघायला अर्धा बाजार लोटायचा. हमाल खिडक्यांना लटकत, गाडीवान बैल सोडून दारात उभे राहत. अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून वऱ्हाडच्या कापसाला चांदीचं मोल आलं होतं. कापूस एवढा चढू शकतो, तर जगात काहीही होऊ शकतं, असं लोकांच्या मनानं घेतलं होतं.

आणि तिथे याकोब मास्तर कापसावर माणसांचं पाप तोलून दाखवत होते.

रीत साधी होती. शनिवारी संध्याकाळी प्रत्येकाच्या नावाचा पावभर कापूस पितळी क्रुसाच्या भारोभार तोलायचा आणि मातीच्या गाडग्यात घालून पडद्यामागे ठेवायचा. रविवारी सगळ्यांसमोर पुन्हा तोलायचा. काटा समान राहिला तर माणूस शुद्ध. कापसाचं पारडं खाली गेलं, तर आठवड्याचं पाप त्यात उतरलं.

“पाप वाऱ्याहून सूक्ष्म आणि शिशाहून जड असतं, बंधूंनो,” मास्तर डोळे मिटून सांगत. “साता समुद्रापलीकडच्या पंडितांनी या तोलापुढे मान तुकवली आहे.” कोणत्या पंडितांनी, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. कापूस ते लांब चिमट्यानं उचलत. दुसऱ्याचं पाप हाताला चिकटतं म्हणे, म्हणून कोणी बोट लावायचं नाही.

काटा मात्र नत्थुजीच्या हातात असे. नत्थुजी बाजारातला तीस वर्षांचा मापारी. त्यानं तोललं की शेतकरी आणि दलाल दोघंही गप्प बसत. बाजारात तो कोणत्याही बोऱ्यात कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय काट्याला शिवत नसे, कारण वजन वाढवायला कापसावर पाणी मारणारे काय थोडे होते? प्रार्थनाघरात त्यानं काटा तपासला, दोऱ्या तपासल्या, क्रूससुद्धा तपासला. कापसात हात घालावा असं मात्र त्याच्या मनात आलं नाही. देवाच्या घरात कोण पाणी मारतं?

शिवाय मास्तर म्हणजे त्याचा गुरू. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मास्तरांनीच त्याचं बोट धरून धुळीत अक्षरं गिरवून घेतली होती. येशूवर विश्वास ठेवला की पुरे, वर काही जोडावं लागत नाही, हेही त्यांनीच शिकवलं होतं. त्या एका वाक्यासाठी नत्थुजीनं जात सोडली. भावांनी पाणी तोडून त्याला विहिरीवरून उठवलं, तेही त्यानं सोसलं.

आता मास्तर वेगळं बोलत. विश्वास म्हणजे नुसतं दार, आत शिरायचं तर भार उतरवावा लागतो. ज्याचा कापूस जड भरेल त्यानं तीन दिवस उपास करायचा आणि शुद्धीसाठी गाडीभर कापूस प्रार्थनाघराला वाहायचा. हलकं होईपर्यंत प्रार्थनेत सगळ्यांना वाटतात त्या प्रभूच्या भाकरीला त्यानं हात लावायचा नाही. वाहिलेला कापूस सोमवारी विकायला अकोल्याच्या वाटेला लागे.

नत्थुजीकडे ना शेत, ना गाडीभर कापूस. त्यामुळे त्याच्या बायकोच्या, पार्वताबाईच्या वाट्याला नुसते उपास आले. लागोपाठ चार रविवार तिचं पारडं खाली गेलं होतं. अंगात ताप मुरला, गालफडं बसली, तरी ती पाण्याशिवाय काही घेईना. एकच धास्ती होती तिला. अशी जडच मेली, तर येशू मले वळखीन का? हे ती नवऱ्याला रोज विचारायची, आणि काटा तर त्यानंच स्वतःच्या हातानं धरलेला असायचा.

चैत्रात, अशा पाचव्या रविवारी, मैनाबाईचा कापूस समान भरला. मैनाबाई मोठ्या खटल्याची, शेतीवाडी असलेली विधवा. दोन गाड्या कापूस वाहून मोकळी झालेली. ती भाकरी घ्यायला पुढे सरकली. मग पार्वताबाईचं गाडगं आलं. पारडं खाली गेलं. मास्तरांनी सुस्कारा टाकला आणि कापूस चिमट्यात धरून सगळ्यांना दाखवायला उचलला. तेवढ्यात पार्वताबाई उभ्या उभ्या कोसळली. तिचा धक्का लागला, चिमटा सुटला, आणि कापूस नत्थुजीच्या उघड्या तळहातावर पडला.

त्याची बोटं आपोआप मिटली. तीस वर्षांची सवय. बायकोला सावरायच्या आधी त्याच्या हाताला कळलं होतं. कापूस थंड होता. बाहेर ऊन भाजत होतं आणि कापूस रांजणाच्या बुडासारखा गार होता.

बायांनी पार्वताबाईच्या तोंडावर पाणी मारलं. ती शुद्धीवर आली तसा नत्थुजी अंगणात गेला, तापलेल्या फरशीवर त्यानं धोतराचं पान पसरलं आणि कापूस बोटांनी मोकळा करून त्यावर पसरला. मास्तर ओरडले की हे पाप आहे. लोक त्याच्याभोवती कोंडाळं करून उभे राहिले. घटकाभरानं त्यानं कापूस गोळा केला, आत आणला, काटा खुंटीला अडकवला आणि सगळ्यांदेखत तोलला. क्रुसाचं पारडं खाली गेलं; उन्हात कापसाची मुळची ओलही उडाली होती.

“उन्हानं पाप वाळते का, मास्तर?” त्यानं विचारलं.

मग त्यानं पडदा ओढला. मागे दोन ओळी होत्या. एक चुलीच्या उबेच्या कट्ट्यावर, कोरडी खडखडीत. तोलून परत ठेवलेलं मैनाबाईचं गाडगं त्यात. दुसरी ओळ ओल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरलेली, कोऱ्या गाडग्यांची. कोरं मडकं पाणी पाझरतं, आतला कापूस रातभर ती ओल पितो, आणि वरून थेंबही दिसत नाही. बाजारातल्या चोराला एवढं डोकं नव्हतं.

मैनाबाईनं आपलं गाडगं उचललं, चुलीकडे पाहिलं. “म्हंजे माह्यं पुन्य ह्या राखेच्या उबीनं पिकलं व्हय? अन मी पार्वतेकडे नाक मुरडून पाहून राहिली होती.” कोणी हसलं, पण ती गाडगं ठेवून पार्वताबाईशेजारी जाऊन बसली.

हमाल बाह्या सारू लागले. नत्थुजीनं हात आडवा केला. “मारून काय होते? मले फक्त याइले इचारू द्या. मास्तर, तुमीच मले सांगतलं होतं का इस्वास पुरे म्हून. मंग हे काहून?”

मास्तरांनी चिमटा खाली ठेवला. आवाजातली झिलई गेली होती. “लोकांना नुसता विश्वास पुरत नाही, नत्थुजी. डोळ्यांना काही दिसावं लागतं. आणि खरं सांगू? त्यांचा भरवसा माझ्यावर नव्हताच. तुमच्या काट्यावर होता.”

नत्थुजीला भावांनी विहिरीवरून उठवलं तेव्हा एवढं लागलं नव्हतं. आपली अब्रू ह्या माणसानं काट्यातल्या वजनासारखी वापरली, आणि आपल्याच हातानं आपल्याच बायकोला उपाशी ठेवलं.

“येशूच्या शेजारी क्रुसावर टांगलेला तो चोर, ज्याले येशूनं त्याच दिशी स्वर्गात संगं घेतलं,” तो सावकाश म्हणाला, “त्याचा कापूस कोनी तोलला होता? त्यानं कोनाले गाडी वाहिली होती? तुमीच वाचून दाखवलं होतं मले.”

मास्तर मान खाली घालून निघून गेले. त्या दिवशीच्या गाडीनं ते अकोल्याकडे गेले, कोणी अडवलं नाही.

पार्वताबाई भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. तिची नजर अजून काट्यावरच. क्रुसाचं पारडं खाली, तिच्या कापसाचं वर. “आता हलका भरला ना वं माहा कापूस?” ती मैनाबाईला हळूच म्हणाली. “म्हंजे झाली मी सुद्ध?”

लबाडी उघडी पडली, माणूस पळाला, आणि काटा तिच्या मनात तसाच लटकत राहिला होता. नत्थुजीनं काटा खुंटीवरून काढला, दोऱ्या गुंडाळल्या आणि तिच्यापुढे बसला.

“पार्वता, ऐक. जड भरला तवा तू पापी नवती, अन हलका भरला म्हून सुद्ध नाही. काट्यावर कापूसच तुलते, दुसरं काही तुलत नाही. तुहा भार उचलनाऱ्यानं तो कवाच उचलला. त्यात आपल्याले भर घालाची नाही, अन कोनाले घालू द्याची नाही.”

पार्वताबाईनं गुंडाळलेला काटा हातानं बाजूला सारला. मग म्हणाली, “मले भाकर दे.”

ती जेवली. सावकाश, प्रत्येक घास चावून.

लोकहो, श्रद्धा ठेवायची तर ठेवा. ख्रिस्तावर ठेवायची असेल तर पुरी ठेवा, कारण तीत काही कमी नाही. पण कोणी तिच्या जोडीला चमत्कार, उपास, वाहणूक मागू लागला, तर त्याच्या कपड्याकडे, विद्येकडे, उपकाराकडे पाहून गप्प राहू नका. कसं घडतं ते विचारा, पडद्याआड काय आहे ते पाहा. विचारल्यानं देव रागावत नाही. रागावतो तो पडदा लावणारा.