चमच्याचे तीन ठोके

वेर्नाने डब्यावर चमचा तीनदा वाजवला आणि पाठ फिरवून ती खडकावर बसली. मांजरीकडे बघायचं नाही, बघितलं की ती कपारीत शिरते, हे तिला एव्हाना कळलं होतं. शेजारी एक जुना खाकी शर्ट पसरला होता आणि त्यावर माशांच्या मुंडक्यांचा चुरा. तिने हलक्या आवाजात सकाळची प्रार्थना सुरू केली.

मध्येच कोपराला काहीतरी घासलं. राखाडी मांजरीने आधी शर्ट हुंगला, मग खाल्लं, आणि खाऊन झाल्यावर गेली नाही. फाटक्या कानाचं डोकं तिने वेर्नाच्या मनगटावर टेकवलं. वेर्ना प्रार्थनेतले पुढचे शब्द विसरली.

दहा पावलांवर काळं पिल्लू अंग फुगवून फिस्कारत होतं. त्याची तिन्ही भावंडं केव्हाच वेर्नाच्या घरी, धुण्याच्या खोलीत टॉवेलवर झोपायला लागली होती. काळं तेवढं हाताला येत नव्हतं. चमचा वाजला की खडकांतून डोकं बाहेर काढायचं, आणि ती उठून गेली की खायचं.

खाकी शर्ट ट्रेवचा होता. ट्रेव तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, गावच्या कौन्सिलचा रेंजर. बंदराच्या दगडी बांधावरची मांजरं ईस्टरच्या आत उचलायची, असं ठरलं होतं. त्याच कपारींत पेंग्विन राहायचे. वेर्नाच्या लहानपणी दोनशे होते, आता बावीस. उन्हाळा सरताना ते पिसं गाळायला किनाऱ्यावर बसत आणि नवी पिसं येईपर्यंत त्यांना पाण्यात जाता येत नसे. मांजरांनी मारलेले असे सहा पेंग्विन ट्रेवने एकाच आठवड्यात फावड्याने उचलले होते. वेर्नाने ते डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून ती भांडली नाही. तिने फक्त मुदत मागितली.

“माणसाळतील ती शहरातल्या निवाऱ्यात जातील,” ट्रेव म्हणाला होता. “पण माणसाळलं म्हणजे तुझ्या हाताला नाही, मावशी. परक्या हाताला. माझ्या हाताला फिस्कारली, की संपलं.”

राखाडी मांजरीने त्याचे पिंजरे तीन वर्षं चुकवले होते. तो तिला महाराणी म्हणायचा. वेर्नाने त्याचा घामेजलेला, न धुतलेला शर्ट मागून घेतला आणि ईस्टरआधीचे उपास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारपासून रोज त्याच्यावर मांजरांचं जेवण वाढलं. चाळीस दिवस ती स्वतः दुपारपर्यंत काही खात नसे. मासे साफ करायच्या टेबलाशी म्हातारा केल्विन मुंडकी बाजूला काढून ठेवायचा आणि हसायचा. देवासाठी उपास तुझा, पारणं मांजरांचं, म्हणायचा.

ईस्टरआधीच्या गुरुवारी ट्रेव घरी आला. टोपी गुडघ्यावर ठेवून बसला. चहा पुढे केला तरी त्याने कप उचलला नाही. निवारा भरलाय, असं तो सांगत होता. यंदा सगळीकडूनच पिल्लं आली आहेत. तुझी तिन्ही घेतील, पण मोठं एकही घेणार नाहीत.

वेर्ना ओट्याकडे तोंड करून उभी होती.

“परवा तू हात पुढे केलास,” ती म्हणाली. “तुझ्या हातावर डोकं ठेवलं तिने.”

“माहितीये गं.”

“मी राखू का तिला? घरात?”

“तुझं घर बांधापासून किती, मावशी? दोनशे पावलं. आणि ती घरात राहील?”

वेर्नाने फडकं पिळलं, परत पिळलं. त्यात पाणी नव्हतं.

“पिंजऱ्यात कोंडली की डोकं आपटून रक्ताळतात,” ट्रेव खाली बघत म्हणाला. “तू मांडीवर घेतलीस तर तिला कळणारसुद्धा नाही. प्राण्यांची डॉक्टरीण बांधावरच येईल. तू नाही म्हणालीस तरी मला करावंच लागेल. फक्त वाईट होईल.”

दुपारी वेर्ना बांधावर गेली. चमचा तीनदा वाजवला. मांजर शेपटी उभी करून आली, वाटेत ट्रेवच्या बाहीला गाल घासला, आणि वेर्नाच्या मांडीवर चढली. डॉक्टरणीने सुई टोचली तेव्हा तिने एकदाच मान वळवून वेर्नाकडे पाहिलं. गुरगुर मांडीला जाणवत होती. मग जाणवेनाशी झाली.

गाडीत बसताना ट्रेवने काच खाली केली.

“काळं राहिलं एक. चमच्याला येतं ना ते?”

“येतं.”

“मग तो डबा-चमचा दे. उद्याच उरकतो.”

वेर्ना कधी खोटं बोलत नसे. तिने चमचा कोटाच्या खिशात टाकला.

“ईस्टर झाल्यावर देते,” ती म्हणाली.

“चालेल. तशीही सुट्टीच आहे.”

गुड फ्रायडेला ती केल्विनच्या टेबलाशी थांबली. त्याने मुंडक्यांची पिशवी पुढे केली. मासे नकोत, बादली दे, ती म्हणाली. केल्विनला काहीतरी थट्टा सुचली होती, पण तिचं तोंड बघून त्याने मुकाट्याने बादली विसळून दिली.

बांधावर तिने समुद्राचं गार पाणी भरलं. डब्यावर चमचा तीनदा वाजवला. काळ्या पिल्लाने खडकातून डोकं काढलं. उपाशी होतं, म्हणून रोजच्यापेक्षा जवळ आलं. या वेळी वेर्नाने पाठ फिरवली नाही. त्याच्या डोळ्यांत बघत तिने अख्खी बादली त्याच्या अंगावर रिकामी केली.

शनिवारी ते लांबच थांबलं. दगडाला पाय रोवून तिने लांबूनच पाणी फेकलं, हाका मारल्या, चमचा त्याच्या दिशेने आपटला.

रविवारी चर्चची घंटा व्हायच्या आधी ती आली. पहिल्याच ठोक्याला काहीतरी काळं कपारीत सरकलं. दुसऱ्या, तिसऱ्या ठोक्याला काहीही हललं नाही. बादली भरलेलीच राहिली. परतताना खडकाआड एक पेंग्विन उभा होता, अर्धी पिसं झडलेला, पाण्याकडे तोंड करून. वेर्नाने त्याच्याकडे बघायचं टाळलं आणि घंटा वाजू लागल्यावर पावलं उचलली.

सोमवारी ट्रेव आला. तिने चमचा साबणाने धुऊन, पुसून, डब्यात घालून त्याच्या हातात दिला.

“तीनदा वाजवायचा,” ती म्हणाली.

“माहितीये, मावशी,” तो म्हणाला. “हे तरी सोपं जाईल.”