उलटा टांगलेला राउटर

भिंगरी दुकानात शिरली तीच तोंडाचा पट्टा सोडून. "काका, लाकडाची कड गोल करणारा राउटर दाखवा! बाबांच्या हाताला झेपेल असा!"

"हात दाखवा, मापाने देतो," दुकानदार हसला.

बाबांनी हात खिशातून काढलाच नाही. मनगट मोडून चार महिने झाले होते. हाड जुळलं, पण पकड काही परत आली नव्हती. दवाखान्याच्या कपाटांची चौदा दारं शेडमध्ये उभी होती, कडांना गोलाई द्यायची राहिली होती. हे जमलं नाही तर सुतारकी बंद, असं त्यांनी काल आईला हळूच सांगितलं होतं. भिंतीला कान असतात, भिंगरीला तर दोन-दोन होते!

मोठा राउटर बाबांनी उचलला तसाच खाली ठेवला. छोटा उचलला, पण सुरू करताच हात लटपटला. "चल गं घरी."

"अहो बाबा, यंत्र धरायचंच कशाला? टेबलाखाली उलटं टांगू, वरून लाकूड सरकवू!"

"टेबल म्हणजे नवशिक्यांचे लाड."

"मग घ्या की करून! आणि मोठाच घेऊ. वजन टेबल उचलेल, तुम्ही थोडेच?"

"पोरीला इथंच ठेवून जा," दुकानदार म्हणाला. "खप वाढेल माझा."

शेडमध्ये येऊन जुन्या दाराच्या फळीला भोक पाडून दोघांनी टेबल केलं, नवा मोठा राउटर खाली उलटा टांगला आणि त्याचं पातं भोकातून वर काढलं. बाबांनी एक टाकाऊ पट्टी घेतली आणि डावीकडून सरकवली. सटकन पट्टी उडाली ती थेट पत्र्यावर!

भिंगरीने झटकन बटण बंद केलं.

"झालं समाधान?" बाबांचा चेहरा पडला. "आता हे दार पुन्हा दारच होऊ दे."

भिंगरी खाली वाकली, टांगलेल्या यंत्राकडे बघत राहिली आणि टुणकन उठली. "बाबा! हातात धरून तुम्ही राउटर डावीकडून उजवीकडे नेता ना? आता तो उलटा झालाय, फिरतोयही उलटा. मग लाकूड उजवीकडून नको का घालायला?"

बाबांनी कपाळावर हात मारला. "तीस वर्षं सुतारकी केली, आणि अक्कल पोरीने शिकवावी!"

या वेळी पट्टी उजवीकडून गेली. पकड लागलीच नाही. नुसते तळवे टेकवून ढकलायचं. मग कपाटाचं पहिलं दार सरकवलं. बाबांनी कडेवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. कुठे खरखर नाही. भिंगरीच्या जिवात जीव आला.

दारात आई उभी होती. "काय ठरलं मग?"

"बाजूला हो, उजेड येऊ दे," बाबा म्हणाले. "अजून तेरा दारं आहेत."